एक जून १९५७

आमच्या खानदेशात उर्दू शाळेचा मास्तर निवृत्त झाला की लोक त्याला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, पेन्शन सुरू झाली का? दुसरा, हजला कधी निघता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्षाच्या आत मिळून जाते. दुसऱ्याचे उत्तर माझ्या वडिलांना मिळायला आठ वर्षे लागली.

अब्बा ३१ मे २०१५ ला निवृत्त झाले. त्या दिवशी महाराष्ट्रात किती शाळांमधून आणि कचेऱ्यांमधून हार-नारळाचे कार्यक्रम झाले असतील याची मोजदाद नाही. ३१ मे हा आपल्याकडे निवृत्तीचा सणच असतो, कारण निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख एक जून आहे. का आहे, ते पुढे येईलच, कारण या सगळ्या हकिगतीत त्या तारखेनेच मोठा घोळ घातला.

मास्तर माणूस नोकरीत असताना हजला सहसा जात नाही. एक तर चाळीस दिवसांची रजा, दुसरे म्हणजे पैसा. डोक्यावर कर्ज असताना, मुली उजवायच्या असताना हजचे नाव काढायला अब्बांसारख्या माणसाला संकोच वाटतो. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीचे आणि कम्युटेशनचे पैसे एकरकमी हातात येतात आणि तेव्हा कुठे हज शक्य दिसू लागते. (मी स्वतः २०११ साली शिक्षणसेवक म्हणून लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, त्यामुळे माझ्या निवृत्तीच्या वेळी मला दुसरा प्रश्न कोणी विचारील की नाही, शंकाच आहे.) अब्बांनी आधी घराचे कर्ज फेडले, २०१६ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न केले आणि मग हज कमिटीचा फॉर्म भरला. अब्बा आणि अम्मी, दोघांचा एकच फॉर्म. त्याला 'कव्हर' म्हणतात. एका कव्हरमधली माणसे गेली तर बरोबर, राहिली तर बरोबर.

बाहेरच्या देशाचा व्हिसा म्हटले की मुंबईला जाऊन रांगेत उभे राहायचे, असे लोकांना वाटते. हजच्या व्हिशाचे तसे नाही. सौदी सरकार देशाला कोटा देते, कोट्यातून राज्याला जागा मिळतात, अर्ज जास्त आले तर कुर्रा म्हणजे सोडत निघते. नाव लागले की पहिला हप्ता भरायचा आणि मूळ पासपोर्ट जमा करायचा. व्हिसा कधी झाला हे घरबसल्या कळत नाही. विमानाची तारीख कळते तीही थोडे दिवस आधी. मग अठ्ठेचाळीस तास आधी मुंबईच्या हज हाउसला हजर व्हायचे, तिथे पासपोर्ट, व्हिसा, तिकीट हातात पडते. म्हणजे ज्या कागदासाठी वर्षानुवर्षे वाट पाहायची, तो कागद माणूस निघायच्या दोन दिवस आधी पाहतो.

२०१७, २०१८, २०१९ अशी तीन वर्षे नाव लागले नाही. पूर्वी सलग तीनदा हुकलेल्याला चौथ्यांदा हमखास पाठवीत. २०१८ च्या नव्या धोरणात ती सोय गेली. तरी अब्बांचे नाव चौथ्याच वर्षी, जानेवारी २०२० च्या कुर्ऱ्यात लागले. ८१ हजारांचा पहिला हप्ता माणशी भरला गेला, पासपोर्ट गेले, आणि जळगावच्या आमच्या मोहल्ल्याने त्याच संध्याकाळपासून अब्बांना 'हाजीसाब' म्हणायला सुरुवात केली. अजून इहरामची कापडे घडीतून निघाली नव्हती, पण चहावाल्यापासून केशकर्तनवाल्यापर्यंत सगळे हाजीसाब.

आमच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर असते. अब्बा त्यावर पेन्सिलने लिहितात. पेन कधीच नाही. त्या वर्षीचे कॅलेंडर मी जपून ठेवले आहे. हज जुलैच्या अखेरीस येणार होती, म्हणजे विमान जूनअखेर ते जुलै यांत केव्हाही. त्या एका न लिहिलेल्या तारखेभोवती सगळे घर गोळा झाले होते. अम्मीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन मार्चमध्ये, म्हणजे डोळा बसायला वेळ मिळेल. पत्रे बदलायचे ते मे महिन्यात, कारण पावसात घर बंद राहणार. भुसावळच्या खालांच्या मुलीचे लग्न जूनमध्ये निघत होते, त्याला अब्बांनी निरोप पाठवला की मेच्या आत करा नाहीतर आम्हाला धरू नका. मी धुळ्याला असते. जळगाव ते धुळे म्हणजे पाळधी, एरंडोल, पारोळा करत एसटीने अडीच तास. पण शाळा जूनच्या मध्यात सुरू होते आणि हातात किरकोळ रजा बारा, तेव्हा माझेही नाव त्या कॅलेंडरवर प्रश्नचिन्हासह होते.

आणि शारजा होते. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीला. २ डिसेंबर २०१९ ला त्याला मुलगा झाला. अब्बांचा पहिला नातू. भावाचे म्हणणे, फेब्रुवारी-मार्चमध्ये या, हवा चांगली असते, बायको एकटी आहे, व्हिजिट व्हिसा मी इथून काढतो, महिनाभर राहा आणि परत जाऊन हजची तयारी करा. त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. पण पासपोर्ट मुंबईत. अब्बा फोनवर म्हणाले, "बेटा, पासपोर्ट मुंबई में, मैं शारजा में, ऐसा कैसे होगा?" हजवरून आल्यावर, ऑक्टोबरात जाऊ, असे ठरले. कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पानावर पेन्सिलने 'शारजा' लिहिले गेले.

पुढे काय झाले ते सगळ्या जगाला माहीत आहे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. अम्मीचे ऑपरेशन राहिले, पत्रे राहिले, खालांच्या मुलीचे लग्न घरातल्या घरात वीस माणसांत झाले. जूनमध्ये सौदीने बाहेरच्या देशांतून कोणालाच येऊ न देण्याचे ठरवले आणि आपल्याकडून कोणी जाणार नाही हे २३ जूनला जाहीर झाले. पैसे परत आले, एक रुपया कापला गेला नाही. अब्बांनी ते बँकेत वेगळ्या खात्यात ठेवले. हाजीसाब हे नाव मात्र परत घेता येत नव्हते. लोकांच्या तोंडी बसले होते. अब्बांनी चहाच्या हॉटेलात जाणे कमी केले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा फॉर्म, पुन्हा वाट. १२ जून २०२१ ला सौदीने सांगितले की या वर्षीही फक्त देशात राहणारे, तेही साठ हजारच. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अब्बांचे एक सोबती गेले. पारोळ्याचे मास्तर, बरोबरच निवृत्त झालेले, हजला एकत्र राहू असे ठरवून २०२० ला अब्बांच्याच कव्हरमध्ये बायकोसह नाव घातलेले. त्यांच्या बायकोने चाळिसाव्याला अब्बांना बोलावून एक पिशवी दिली. त्यात इहरामची न वापरलेली कापडे होती, पट्टा होता, सात-सात खड्यांसाठी शिवलेल्या छोट्या थैल्या होत्या. अब्बांनी ती पिशवी आपल्या पिशवीशेजारी ठेवली.

लोक अशा वेळी 'बुलावा' म्हणतात. बुलावा आला नव्हता, अल्लाहकडून बोलावणे येईल तेव्हाच जाता येते. समजूत घालायला हा शब्द फार चांगला आहे. पण सारखा ऐकायला लागला की टोचतो, कारण त्यातून असा अर्थ निघतो की ज्याला जमले त्याला बोलावले, राहिलेल्याला नाही. अब्बांना तो शब्द कधीच पटला नाही. त्यांचे म्हणणे, बोलावणे सगळ्यांनाच आहे, मधे कागद असतात.

तो कागद २०२२ मध्ये आडवा आला.

९ एप्रिल २०२२ ला, रमजान चालू असताना, बातमी आली की यंदा जगभरातून दहा लाख लोक हजला घेणार. घरात इफ्तारच्या वेळी आनंद झाला. पुढच्या ओळी भावाने शारजाहून वाचून दाखवल्या. वय पासष्टच्या आत हवे. साथ अजून पुरती गेलेली नव्हती, म्हणून वयस्कर लोकांना थांबवायचे, असे कारण होते. आपल्या देशाला ७९,२३७ जागा मिळाल्या. १० जुलै २०२२ रोजी पासष्ट पूर्ण झालेल्याला जाता येणार नव्हते. अब्बांच्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जून १९५७. पासष्ट पूर्ण व्हायला आणि मुदतीच्या दिवसाला अंतर एकोणचाळीस दिवसांचे.

आता ही एक जूनची गोष्ट. अब्बांचे गाव तापीकाठी. १९६३ च्या जूनमध्ये तिथल्या मास्तरांनी घरोघर फिरून मुले गोळा केली आणि शाळेत नाव घातले. जन्माचा दाखला कोणाकडेच नव्हता. पहिलीत घालायला सहा वर्षे पुरी हवीत, शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा सहा वर्षे मागे जाऊन एक जून लिहिला की हिशेब जुळतो. सगळ्या वर्गाचा वाढदिवस एकच झाला. मी शाळेत काम करते म्हणून सांगते, आमच्या दाखिल-खारिज रजिस्टराची जुनी पाने उघडली तर एक जूनची रांगच्या रांग दिसते, बाप एक जून, मुलगा एक जून. त्या मास्तरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी पोर शाळेत आणले हे मोठे काम होते. तारीख हा त्यांच्या दृष्टीने भरायचा रकाना होता.

पण खरी तारीख आमच्या घरात माहीत होती. दादी सांगायची, हा मोहरमचा. ताबूत उठले त्या रात्री झाला, सुईण सवारीच्या गर्दीतून वाट काढत आली. अब्बांनी निवृत्तीनंतर जुनी जंत्री काढून हिशेब केला होता. १३७७ हिजरीचा मोहरम १९५७ च्या जुलैअखेर लागला, म्हणजे आशुरा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. दादीच्या हिशेबाने मुदतीच्या दिवशी अब्बा चौसष्टचे होते. महिनाभराने पासष्ट होणार होते. हे सगळे त्यांनी त्या रात्री मला फोनवर सांगितले आणि वर हसून म्हणाले की खरा गोंधळ वेगळाच आहे. हज चांद्र महिन्याने येते. त्या हिशेबाने मोजले तर १३७७ पासून १४४३ पर्यंत सदुसष्ट पुरी होत आली. म्हणजे आईच्या सांगण्याने मी चौसष्ट, शाळेच्या सांगण्याने पासष्ट आणि चंद्राच्या सांगण्याने सदुसष्ट.

मी विचारले, तारीख दुरुस्त नाही का होणार? प्रश्न विचारताना उत्तर मला माहीत होते. सर्व्हिस बुकातली जन्मतारीख बदलायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. अब्बा लागले १९८० च्या आसपास. तेव्हा कशाला कोण अर्ज करतो? खरे तर ऑगस्टची तारीख लागली असती तर तीन महिन्यांचा पगारही जास्त मिळाला असता. आणि नुसते दादीचे सांगणे, तेही ती वारल्यावर, कुठल्या खिडकीवर घेऊन जायचे?

मोहल्ल्यात कोणी पुन्हा बुलाव्याचे बोलले तेव्हा अब्बा म्हणाले, "बुलावा तो आया था. तारीख बीच में आ गई."

पण खरी अडचण त्यापुढची होती. अम्मी अब्बांपेक्षा पाच वर्षांनी लहान. ती वयाच्या नियमात बसत होती. फॉर्म भरण्याची मुदत २२ एप्रिलपर्यंत होती, आणि भुसावळचे मामू, तिचे सख्खे भाऊ, अर्ज भरणार होते. भाऊ महरम असतो, त्याच्याबरोबर तिला जाता येत होते. अब्बांनी ते दुसऱ्याच दिवशी बोलून दाखवले. म्हणाले, तू मामूच्या कव्हरमध्ये नाव घाल.

अम्मीने ऐकून न ऐकल्यासारखे केले. मग म्हणाली, दोघांनी जायचे ठरले होते, दोघेच जाऊ, पुढच्या वर्षी. मी त्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर धुळ्याहून आले होते. पाटावर बसून ती लसूण सोलत होती आणि अब्बा खाटेवर. मला वाटत होते की अब्बा मोठेपणा करतात आणि अम्मी नको म्हणते, हे दोन्ही तोंडदेखले आहे, दोन दिवसांनी विषय संपेल. तसे नव्हते. अब्बा शिकवल्यासारखे बोलू लागले. हज ज्याच्या-त्याच्यावर वेगळी फर्ज आहे. नवऱ्याची बायकोवर नाही, बायकोची नवऱ्यावर नाही. ऐपत आहे, सोबत आहे, तब्येत आहे, तर पुढच्या वर्षावर ढकलायचा हक्क तुला नाही. पुढचे वर्ष तुझ्या नावावर कोणी लिहून दिले आहे? आणि पारोळ्याच्या पिशवीकडे त्यांनी नुसते पाहिले.

अम्मी म्हणाली, "तुम्हारे बगैर मेरे कू रस्ता कौन दिखाएगा? मैं बाजार में गुम हो जाती."

"तू बाजार में गुम नहीं होती, साड़ियों की दुकान में बैठ जाती," अब्बा म्हणाले.

ती हसली नाही. लसूण टाकून आत गेली. रात्री उशिरा तिने मला विचारले की पोरी, लोक काय म्हणतील, नवऱ्याला घरी ठेवून हजला गेली? नवऱ्याची पेन्शन, नवऱ्याची ग्रॅच्युइटी, आणि हज्जन ही. मी तिला एवढेच सांगितले की तीस वर्षे अब्बांच्या पगारात घर कोणी चालवले त्याचा हिशेब मी वहीत मांडून देते, मग पैसे कोणाचे ते ठरव. तिने मामूंना दुसऱ्या दिवशी फोन केला. एप्रिलच्या अखेरीस कुर्ऱ्यात नाव लागले.

आमच्या समाजात अशा प्रसंगी बाईने थांबणे हे चांगुलपणाचे मानतात आणि पुरुषाने तिला थांबवले तर कोणी काही बोलत नाही. अब्बांनी ते केले नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. त्यांना ते सोपे गेले असे मात्र कोणी समजू नये. जूनच्या त्या महिन्यात त्यांनी दाढीही दोन-दोन आठवडे कोरली नाही.

त्या वर्षी देशात दहाच ठिकाणांहून विमाने होती. महाराष्ट्रातून फक्त मुंबई. औरंगाबाद, नागपूर बंद. विमानाची तारीख हाती पडली तेव्हा रेल्वेचे रिझर्वेशन कुठले मिळायला? तेव्हा चार महिने आधी बुकिंग उघडायचे आणि हाजीला तारीख कळते दहा-बारा दिवस आधी. जळगावहून रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट आमच्या घरच्या वेटिंगपेक्षा लांब होती. शेवटी क्रुझर ठरवली. पूर्वी आमच्याकडचे लोक मुंबईला मुसाफिरखान्यात जाऊन राहायचे आणि मोगल लाइनच्या जहाजाची वाट पाहायचे. समुद्रमार्गे हजला जाणे १९९५ ला बंद झाले. म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले आहे की त्या वेळी घरून निघतानाच कायमचा निरोप घेऊन निघत. आता निरोप घरी अर्धा, क्रुझरजवळ अर्धा आणि उरलेला हज हाउसच्या दारात पोलिसांच्या शिट्ट्यांमध्ये.

निघायच्या आधी हाजी घरोघर जाऊन माफी मागतो. कहा-सुना माफ करना. अम्मी सगळ्या गल्लीत फिरली. ज्या शेजारणीशी तिचे नळाच्या पाण्यावरून अकरा वर्षे बोलणे नव्हते, तिच्या दारातही गेली. घरी येऊन ती अब्बांसमोर उभी राहिली, काहीच बोलेना. अब्बा म्हणाले, जा, गाडी थांबली आहे. त्यांनी पारोळ्याच्या पिशवीतल्या खड्यांच्या थैल्या तिच्या हातात दिल्या.

तिला सोडायला मी मुंबईपर्यंत गेले. दोन किरकोळ रजा घातल्या. अब्बा आले नाहीत.

चाळीस दिवस ते घरी एकटे होते. मी दर शनिवारी दुपारी एसटीने जायची आणि सोमवारच्या पहाटेच्या गाडीने शाळा गाठायची. अब्बा खिचडी करायला शिकले. मोहल्ल्यात त्यांना कोणी गमतीने 'हज्जन बी के मियाँ' म्हणाले, तेही त्यांनी चालवून घेतले. मला वाटते हाजीसाबपेक्षा हे नाव त्यांना बरे वाटत होते, निदान खरे तरी होते. अम्मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परतली. मोहरम लागला होता. दादीच्या हिशेबाने अब्बा त्याच दिवसांत पासष्टचे झाले.

आता शारजाला जायला हरकत नव्हती. नातू अडीच वर्षांचा झाला होता, फोनच्या काचेत अब्बांना 'दादा' म्हणायचा. पण पेन्शनरला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो बँकेत देऊन मग निघू, असे अब्बांनी ठरवले. नोव्हेंबर आला, दाखला दिला. तोवर हजच्या फॉर्मची कुणकुण सुरू झाली. तेव्हा साधारण त्याच सुमारास फॉर्म निघत. आपण शारजात असताना निघाले तर? पासपोर्ट लागला तर? डिसेंबर गेला. जानेवारी २०२३ मध्ये सौदीने वयाची अट काढली, आणि मग तर अब्बा जागचे हलेनात. भाऊ चिडला. म्हणाला, तीन महिने तुम्ही एका फॉर्मसाठी घरात बसला आहात, विमानाने तीन तासांचे अंतर आहे. फॉर्म निघाले १० फेब्रुवारीला. नोव्हेंबरात जाऊन जानेवारीत परत येऊनही दिवस उरले असते. पण हे फेब्रुवारीत कळते. वाट पाहणाऱ्या माणसाला वाट पाहण्याची मुदत आधी सांगितलेली नसते, आणि आठ वर्षे हुकलेल्या माणसाला तुम्ही जोखीम घ्या असे सांगणे सोपे नाही. मी भावाच्या बाजूने बोलले नाही आणि अब्बांच्याही बोलले नाही. दोघांचे बरोबर होते.

३१ मार्च २०२३ च्या कुर्ऱ्यात अब्बांचे नाव आले. ८१,८०० रुपये, मूळ पासपोर्ट, पुन्हा मुंबई. या वेळी औरंगाबादहूनही विमाने होती. आम्हा जळगावकरांना अजिंठ्याच्या घाटातून औरंगाबाद दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, मुंबई सव्वाचारशे. अब्बांनी तरी मुंबई लिहिली, कारण अम्मीला मुंबईची माहिती झाली होती. नंतर आकडे आले तेव्हा समजले की औरंगाबादहून जाणाऱ्याला मुंबईपेक्षा ऐंशी हजारांहून जास्त पडत होते. मोहल्ल्यात लगेच अब्बांच्या हुशारीची चर्चा झाली. अब्बा म्हणाले, हुशारी हज्जनची.

त्या दीड महिन्यात घरात अम्मी उस्ताद आणि अब्बा शागिर्द होते. जी बाई बाजारात हरवते असे म्हणत होती, ती त्यांना सांगत होती की हरममध्ये शिरताना दरवाजाचा नंबर पाठ करा, चपला पिशवीत घालून गळ्यात ठेवा, मिनाच्या तंबूतून बाहेर पडलात की आधी मागे वळून खांबाचा नंबर पाहा. प्रत्येक बॅगेला तिने हिरव्या दुपट्ट्याची चिंधी बांधली. अब्बा वहीत लिहून घेत होते. उन्हाचे तिने विशेष सांगितले नाही. मे महिन्यात जळगावात राहिलेल्या माणसाला उन्हाचे काय सांगायचे, असे तिला वाटले असावे. पण पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, तिकडे पारा पन्नासच्या वर गेला आणि तेराशेहून अधिक यात्रेकरू दगावले. ती बातमी ऐकताना अम्मी अब्बांच्या खाटेजवळ येऊन बसली होती, ते मी पाहिले आहे.

विमान जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होते. शाळा अजून उघडली नव्हती, माझी एकही रजा गेली नाही. हज हाउसमध्ये पासपोर्ट हातात आल्यावर अब्बांनी आधी व्हिशाचा कागद उलगडला. हल्ली शिक्का नसतो, छापील कागद असतो. त्यावर अरबी आणि इंग्रजीत सगळे लिहिलेले. त्यांनी चष्मा वर सरकवून जन्मतारखेच्या ओळीवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. एक जून.

२७ जूनला अरफात झाले. रात्री फोन आला. आवाज बसलेला होता. अम्मीशी बोलले, मग मला म्हणाले, पारोळ्याच्या मास्तरांचे नाव घेतले, त्यांच्या बायकोला कळव.

शारजा मात्र राहिले ते राहिलेच. अब्बा आल्यावर नोव्हेंबरचा दाखला, मग अम्मीच्या गुडघ्याचे ऑपरेशन, आणि २०२४ च्या मध्यावर भावाचा करार संपून तोच बायको-मुलाला घेऊन जळगावला परत आला. ज्या देशाच्या व्हिशासाठी पेन्सिलने तारखा लिहिल्या आणि खोडल्या, तो देश अब्बांनी पाहिला नाही. नातू स्टेशनवर उतरला तेव्हा साडेचार वर्षांचा होता. फोनमधले दादा एवढे उंच कसे, म्हणून तो थोडा वेळ आईच्या मागे लपला.

जून २०२५ मध्ये त्याला पहिलीत घालायचे होते. भावाला सेमी-इंग्रजी हवे होते, अब्बांना उर्दू, त्यावर घरात जे व्हायचे ते झाले आणि अब्बा जिंकले. मी त्या दिवशी जळगावलाच होते, बरोबर गेले. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मणाऱ्यांना शाळेसाठी जन्माचा दाखलाच लागणार आहे, पण त्याआधीच्या मुलांचेही दाखले बहुतेक असतातच. आमच्या नातवाचा तर शारजाचा अरबी दाखला होता, त्यावर तिकडच्या खात्याचा शिक्का, आपल्या वकिलातीतली नोंद. शाळेतला कारकून अब्बांचा जुना विद्यार्थी. तो कागद उलटा-सुलटा करत होता. अब्बांनी अरबी ओळ त्याला वाचून दाखवली. जन्मस्थान शारजा, तारीख दोन डिसेंबर दोन हजार एकोणीस.

त्याने रजिस्टरात अंकी तारीख लिहिली. शेजारी 'अक्षरी'चा रकाना होता. अब्बा म्हणाले, "तो मी लिहू का?" कारकुनाने रजिस्टर त्यांच्याकडे वळवले आणि आपले पेन पुढे केले.